चौथी पुरचुंडी

खरांगण्याच्या अलीकडच्या चढावर ट्रॅक्टरनं मला मागं टाकलं, तेव्हा कळलं की गाडीला काहीतरी दुखणं लागलंय.

रविवारची सकाळ होती. आर्वीहून वर्ध्याच्या रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. चढ सुरू झाला आणि गाडी दम सोडू लागली. एक्सलेटर दाबला की पुढं पळायचं सोडून अंग चोरायची, मागून कोणी पदर धरून ओढावं तशी. पाय सैल केला की ठीक. पुन्हा दाबला की पुन्हा तेच. खडखड नाही, धूर नाही, समोर एखादा लाल दिवासुद्धा नाही. मागून सोयाबीनची पोती लादलेला ट्रॅक्टर आला, भोंगा वाजवला आणि मला ओलांडून डुलत डुलत निघून गेला. ट्रॅक्टर! वरच्या पोत्यांवर बसलेल्या माणसानं वळून पाहिलंसुद्धा.

"चल ना गं भवाने," मी गाडीला म्हणाले, "आजच नखरे सुचले का तुला?"

मी गाडीशी बोलते. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. दूधवाल्याला "अर्धा लिटर" आणि भाजीवालीला "मेथी कशी दिली", एवढ्या दोन वाक्यांवर माझा सोमवार ते शनिवार निघतो. शेजारी वाईट नाहीत. नमस्कार करतात आणि बाजूला होतात. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईशी गप्पा मारायची हौस कोणाला असते? त्यातल्या निम्म्यांचे कान मी पिरगाळलेले. म्हणून घरात मी रेडिओला उत्तरं देते आणि रस्त्यावर गाडीला शिव्या देते.

रविवार मात्र वेगळा. रविवारी मी हिंगणघाटला ताईकडे जाते. ताई माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुलाकडे असते, मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सून घर सांभाळते. गेल्या दोन वर्षांत ताईची आठवण झिजत चालली होती. आधी वार गेले, मग नावं गेली, मग जेवली की नाही तेही. फोनवर तर माणूस कळणं कधीच बंद झालं होतं. माझा आवाज ऐकला की घाबरून सुनेला हाक मारायची, "कोन बाई बोलून राह्यली, पाह्य वं."

पण माझी पांढरी गाडी तिला कळायची. रविवारी सकाळपासून फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायची. गाडी थांबली, मी उतरले, की चेहरा उजळायचा. "आली काय वं? किती उशीर!" उशीर झालेला नसायचा. पण ते रागावणं ऐकायला मी नव्वद किलोमीटर जायची. जगात मला "वं" म्हणणारी ती एकच उरली होती.

डॉक्टरांनी सुनेला सांगितलं होतं की ठरलेल्या गोष्टी अशा माणसाला जास्त दिवस धरून ठेवतात, तर खंड पडू देऊ नका. हे मी ऐकलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता. रविवार टिकला तर मी टिकणार. रविवार मोडला की तिच्या डोक्यातून मीही पुसली जाणार.

आणि त्या रविवारी मला खरांगण्यावरून परत फिरावं लागलं. पुढं सगळा मोठा रस्ता, ट्रकची वर्दळ, आणि माझी गाडी बैलगाडीच्या चालीची. घरी येऊन सुनेला फोन केला. ती म्हणाली, "हरकत नाही मावशी, गाडी नीट करून घ्या. आई मात्र सकाळपासून फाटकापाशी बसून आहे. आत यायलेच तयार नाई."

सोमवारी गाडी मिस्त्रीकडे न्यायची ठरवली. पण नेण्याआधी मी एक काम केलं, आणि सगळी माती त्यातच झाली.

त्याचं असं. आदल्या वर्षी उंदरांनी माझ्या गाडीच्या वायरी कुरतडल्या होत्या. आमच्याकडे कापूस घरात येऊन पडला की उंदरांचं फावतं, आणि थंडीत त्यांना इंजिनाची ऊब आवडते. त्यावर इकडे सगळ्यांचा एकच उपाय. तंबाखूच्या पुरचुंड्या करायच्या आणि बोनेटच्या आत चार कोपऱ्यांत बांधायच्या. वासानं उंदीर फिरकत नाही. उपाय चांगला आहे. अडचण एवढीच होती की तंबाखू विकत आणायचा कोणी, तर मी!

मी म्हणजे कोण? तर शाळेत पोरांच्या खिशातून खर्ऱ्याच्या पन्न्या काढून त्यांना मैदानभर उन्हात फिरवणारी मी. तंबाखू-सुपारी घोटलेला तो खर्रा आमच्याकडे चहापेक्षा जास्त चालतो. मी पालकसभेत बापांनासुद्धा तोंड उघडून दाखवायला लावलेलं आहे. माझी स्कूटर दिसली की पानठेल्यावरची माणसं पांगायची. आता त्याच ठेल्यावर जाऊन "पावभर तंबाखू द्या" म्हणू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! म्हणून मी पार आष्टीच्या आठवडी बाजारात गेले, तोंडाला रुमाल बांधून, आणि तिथं जिला मी माहीत नाही अशा बाईकडून तंबाखू घेतला. घरी येऊन जुन्या परकराचे चार चौकोन फाडले, चार पुरचुंड्या केल्या, सुतळीनं इंजिनात चार जागी बांधल्या. परकर अबोली रंगाचा होता, खाली लेस होती. उंदराला काय त्याचं! मिस्त्रीनं मात्र बोनेट उघडलं की पहिली नजर तिथंच जाणार. मास्तरणीचा तंबाखू, आणि तोही मास्तरणीच्या परकरात. नको गं बाई.

तर सोमवारी सकाळी मी बोनेट उघडलं आणि पुरचुंड्या सोडल्या. तीन सापडल्या. चौथी नव्हती. पुढच्या जाळीमागं, ज्या नळीला बांधली होती, तिथं नुसती सुतळी लोंबत होती. पडली असेल रस्त्यात, म्हटलं. तिघींना कचऱ्यात टाकलं, साबणानं हात धुतले आणि गाडी घेऊन निघाले.

मिस्त्रीचा टिनाचा शेड पुलगाव रस्त्याला आहे. पन्नाशीचा माणूस, एकटाच काम करतो, बोलणं बेताचं. मला येताना पाहिलं की तोंड फिरवून आधी थुंकून घ्यायचा, मग वळून "या मॅडम" म्हणायचा. मला ते दिसत होतं. त्यालाही ठाऊक होतं की मला दिसतं. त्याची कामाची एक तऱ्हा होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. बराच वेळ तसाच उभा राहायचा. डॉक्टरसुद्धा हल्ली इतकं ऐकत नाहीत.

"उभ्या जागी तर चांगली चालून राह्यली," तो म्हणाला. "पिकअप कुठं तोडते?"

मी सगळं सांगितलं. चढ, ट्रॅक्टर, पाय सैल केला की ठीक. त्यानं एकेक विचारलं. पेट्रोल कुठं भरता, मधे पाण्यातून नेली होती काय, किती दिवस उभी होती. मग बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "उंदीर लागतेत काय जी गाडीले?"

"मागं लागले होते."

"मंग काही ठेवलं-गिवलं होतं काय अंदर? पुड्या-गिड्या बांधतेत लोकं."

"छे!" मी म्हणाले. "मी असल्या वस्तूंना हात लावत नाही."

इतक्या ठसक्यात म्हणाले की त्यानं मान खाली घातली आणि पुढचं विचारलंच नाही. एका वाक्याचं खोटं होतं. शाळेत एखादं पोर इतक्या सफाईनं खोटं बोललं असतं तर मी तिथंच पकडलं असतं.

त्यानं हवेचा फिल्टर काढून पाहिला. धुळीनं काळा झाला होता. तो बदलला. प्लग बदलले. हवा जिथून इंजिनात शिरते ते झाकण साफ केलं. गुरुवारी ट्रायल मारायची म्हणाला. गाडी मीच चालवली, तो बाजूला बसला. बसला आणि पट्टा ओढायला लागला, तर पट्टा निघेना. किती दिवसांत त्या बाजूला कोणी बसलंच नव्हतं. दोन झटके दिले तेव्हा कुठं निघाला, आणि त्यातून धूळ उडाली. मी म्हणाले, "खिडकी उघडा, धूळ फार आहे."

गावातून एक चक्कर, डेपोवरून, बाजार समितीवरून. गाडी ठीक चालली. ठीकच चालणार. गावात कापसाच्या गाड्यांच्या रांगेमागं वीसच्या वेगानं एक्सलेटर दाबायला मिळतो कुठं? पण त्या अर्ध्या तासात मी बोलत सुटले. ताईबद्दल, रविवारबद्दल, फाटकापाशी ठेवलेल्या खुर्चीबद्दल. तो नुसता "हो जी, हो जी" करत होता. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. मिस्त्रीला गाडी ऐकायची होती आणि मी त्याला माझं रडगाणं ऐकवलं.

दुसऱ्या रविवारी पहाटेच उठून ताईच्या आवडीचे सांबारवडीचे चार तुकडे डब्यात भरले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. खरांगण्याच्या त्याच चढावर त्याच जागी गाडी पुन्हा मेल्यासारखी झाली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बायका वाकून पुढं पुढं सरकत होत्या आणि एकमेकींशी मोठ्यानं हसत बोलत होत्या. एकीनं हात वर करून विचारलं, "काय झालं वो बाई?" मी म्हटलं, "काही नाही." आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. रागानं रडले, असं तेव्हा वाटलं. राग नव्हता तो.

सांबारवडी मी घरी येऊन एकटीनं खाल्ली. गार झाली होती.

सोमवारी मिस्त्रीला मी फाडफाड बोलले. "काय नीट केलं तुम्ही? नवे प्लग, नवा फिल्टर, आणि गाडी तिथल्या तिथं!" त्यानं ऐकून घेतलं. कुठून तरी स्कॅनर मागवला, डॅशबोर्डाखाली जोडला. स्कॅनर म्हणे काही दोष नाही. पुन्हा पेचकस कानाला. "दाबलं की पेट्रोल कमी पडून राह्यलं असंन," तो शेवटी म्हणाला. "पंप कमजोर वाटते. नागपूरहून मागवतो. गाडी राहू द्या इथंच."

"रविवारपर्यंत येईल?"

"पाहू न जी." मग म्हणाला, "भाड्याची गाडी करून काऊन नाई जात मॅडम? बहिनीले भेटून तं येसान."

"ती मला गाडीवरून ओळखते," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या गाडीतून उतरले तर तिच्यासाठी मी कोणीही."

तो हातातलं फडकं झटकून कामाला लागला.

आता जे लिहिते ते कोणालाही सांगितलेलं नाही. त्या बुधवारी भाकरी थापताना माझा हात मधेच थांबला. चार बांधल्या, तीन सोडल्या. चारातून तीन गेले, राहिला एक. तो एक गेला कुठं? सुतळी तर जागेवर होती. गाठ सुटून पुरचुंडी रस्त्यात पडली असेल, किंवा आत कुठंतरी गेली असेल. जिथं बांधली होती ती नळी कशाची? हवेची तर नाही? तीस वर्षं वजाबाकी शिकवलेली बाई मी. उत्तर ताटात वाढल्यासारखं समोर होतं.

फोन उचलला. मिस्त्रीचा नंबरही लावला. एक घंटी गेली आणि मी फोन ठेवला. काय म्हणणार होते? की मी खोटं बोलले? की तंबाखू माझा होता, आणि हो, ज्या कापडात बांधलाय ते जरा न पाहता काढा? तव्यावरची भाकरी जळली. मी स्वतःला समजावलं की तो अनुभवी माणूस आहे, पंप म्हणतो तर पंपच असेल. आणि आणखी एका रविवारानं असं काय होणार आहे?

तो तिसरा रविवार होता. गाडी टिनाखाली, मी घरात. दिवस सरता सरेना. दुपारी सुनेचा फोन आला. आवाज हळू होता. "मावशी, आज आईनं खुर्चीच नाई टाकली बाहेर. मी टाकून दिली तं म्हणते, कोनाले यायचं हाये?" मी म्हटलं, बरं. फोन ठेवला.

पंप आला, बसवला. शनिवारी मी आणि मिस्त्री खरांगण्याच्या चढापर्यंत गेलो, कारण आता गावातल्या ट्रायलवर माझा विश्वास नव्हता. चढ आला, मी एक्सलेटर दाबला, गाडीनं अंग चोरलं. मिस्त्रीचा चेहरा पडला. "थांबवा," तो म्हणाला. "इथंच थांबवा."

रस्त्याच्या कडेला त्यानं बोनेट उघडलं, फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या. पंधरा दिवसांपूर्वीच घातलेला नवा फिल्टर उन्हात धरला, बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तंबाखू कोन खाते?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. डब्यातून पुढं जाळीकडे जाणारी रबरी नळी त्यानं खेचून सैल केली, आत दोन बोटं घातली, मग पक्कड घातली. आणि ओढून बाहेर काढली. चौथी पुरचुंडी. अर्धी उसवलेली, तेलकट, लेस शाबूत. अबोली रंग अजून ओळखू येत होता.

त्यानं ती मडगार्डवर ठेवली आणि दुसरीकडे पाहत मला समजावलं. उभ्या गाडीला हवा थोडी लागते, ती कडेकडेनं मिळत होती. दाबलं की इंजिन जोरानं हवा ओढणार, आणि फडकं जाऊन भोकाला चिकटणार. पाय सैल केला की फडकंही सैल. "नाक दाबून ठेवलतं जी गाडीचं," तो म्हणाला. "पंप चांगलाच होता."

मग अजिबात न रागावता म्हणाला, "मी विचारलं होतं न तुमाले."

आणि मी काय केलं असेल? त्याच्यावरच ओरडले! "मग नळी आधीच का नाही पाहिली? पहिल्या दिवशी पाहायची! मिस्त्री कशाला म्हणवता?" भर रस्त्यात ओरडले. चोर तो चोर, वर शिरजोर.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. "पाहाले पाहिजे होती."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नळी बसवली, क्लिपा लावल्या, हात पुसले, आणि मग खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढून माझ्यासमोर, माझ्याकडे बघत, चिमूट तोंडात टाकली. मी कोणत्या तोंडानं बोलणार?

चौथ्या रविवारी गाडी अशी पळाली की काय सांगू! खरांगण्याचा चढ तिनं हसत काढला. मी पण हसले, मोठ्यानं, एकटीच. "शाब्बास गं माझी राणी!" म्हटलं. वाटेत एक ट्रॅक्टर दिसला, तो मागं टाकला आणि त्याच्यापुढं उगाच दोनदा हॉर्न वाजवला. वर्धा गेलं, वायगाव गेलं. आठवडाभराचं नव्हे, महिन्याभराचं बोलणं साचलं होतं. ताईला मिस्त्रीची नक्कल करून दाखवायची, पेचकस कानाला लावून. परकराचं ऐकून ती पोट धरून हसणार. तिला असलं फार आवडतं. मग पुरचुंडी लपवल्याबद्दल मला शिव्या देणार. त्या शिव्या मला हव्या होत्या.

दहाच्या आत मी हिंगणघाटला पोचले. खुर्ची फाटकाजवळ होती. ताई बसलेली होती. सुनेनं केस विंचरून, इस्तरीचं लुगडं नेसवून बसवली होती. मी गाडी अगदी तिच्या समोर थांबवली, उतरले, दार जोरात लावलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि हात जोडले.

"या जी," ती म्हणाली. "कोनाकडं आल्या?"

"ताई, मी गं. मी आले."

"बसा न. उन्हातून आल्या." तिनं सुनेला हाक मारली, "पाहुन्या आल्या वं, पानी आन." सून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिनं माझा चेहरा पाहिला आणि ओठ दाबून धरले. "आई," ती म्हणाली, "मावशी हाये न. आपली मावशी."

"मावशी कुठं येते आता," ताई म्हणाली. मग माझ्या मागं उभ्या गाडीकडे बोट दाखवून मला म्हणाली, "अशीच गाडी हाये माह्या बहिनीची. अशीच पांढरी."

मी सुनेच्या हातातला तांब्या घेऊन तसाच खाली ठेवला.

सुनेनं आतून आणखी एक खुर्ची आणून दिली. मी ताईच्या शेजारी बसले, रस्त्याकडे तोंड करून, कारण ती तशी बसली होती. तिनं मला शेतीवाडी विचारली, मुलंबाळं विचारली. मी सांगितलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लई दिवस झाले आली नाई. गाडी बिघडली म्हनते. तुमाले पटते काय?"

"नाही," मी म्हणाले. "मलाही नाही पटत."

"मले वाटते, रागावली असंन. मी काही बोलली असंन तिले. माह्या ध्यानात नाई राहत न आजकाल."

"तुम्ही काही बोलल्या नाहीत," मी म्हणाले. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं. "चूक तिची होती. सगळी तिचीच होती."

ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. परक्या बाईला धीर द्यावा तसा ठेवला, पण हात तिचाच होता. तिनं विचारलं, "तुमाले बहीन हाये काय जी?"

"आहे."

"मंग जात जा तिच्याकडं. वाट पाहून पाहून जीव जाते मानसाचा."

"जाते मी," मी म्हणाले. "दर रविवारी जाते."

"बरं करता," ताई म्हणाली, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली.